वेळेपुढे गाव लिहा



पर्युषण होऊन बरेच दिवस झाले, तरी ही गोष्ट लिहू की नको असं माझं चाललं होतं. चूक माझी होती आणि ती मी लेकीच्या माथी मारली होती, म्हणून संकोच. पण परवा स्थानकात व्याख्यानानंतर दोघी-तिघींशी बोलणं झालं आणि कळलं, की बहुतेक घरांत असा काहीतरी घोटाळा झालेला आहे. कोणाची मुलं अमेरिकेत, कोणाची दुबईत, कोणाची लंडनला. फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहिलेली वेळ इथे एक दिसते, तिथे दुसरीच. आणि दोष मात्र दर वेळी कोणातरी माणसाला लागतो. म्हणून लिहितेच.

यंदा माझ्या सासूबाईंनी अठ्ठाई केली. वय चौऱ्याहत्तर. आम्ही सगळे नको नको म्हणत होतो, पण त्यांनी एकेक दिवसाचं पच्चक्खाण घेत आठ दिवस पार पाडले. सातव्या दिवशी दुपारी पडल्या पडल्या मला म्हणाल्या, "पारण्याला ती दिसेल ना गं फोनवर?" ती म्हणजे माझी लेक. न्यू जर्सीला असते. लहानपणी ती आईपेक्षा दादीच्याच मांडीवर जास्त असायची.

मी म्हटलं, दिसेल की. लगेच फोन घेतला आणि आमच्या घरच्या सामायिक कॅलेंडरमध्ये नोंद केली: "दादीचं पारणं, कॉल, सकाळी ७.३०". लेकीला ती आपोआप दिसणार होती. आपली सकाळची साडेसात म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे दहा. हा हिशोब कॅलेंडर करून देतं हे मला माहीत होतं, म्हणून वेगळा निरोप काही पाठवला नाही.

संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं, सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारसी आल्यावर घर भरलं. नणंदा आल्या, शेजारच्या आल्या, सगळ्या बाईंची साता विचारत होत्या. साडेसात वाजले. लेकीचा फोन नाही. मी दोनदा लावला, तिने उचलला नाही. मुगाचं पाणी निवायला लागलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. झोपली असेल बिचारी." पहिला चमचा मी दिला. त्यांनी तो घेतला, पण नजर माझ्या हातातल्या फोनवर होती.

संध्याकाळी बरोबर पाच वाजता लेकीचा फोन आला. हसत हसत म्हणाली, "आई, द्या दादीला!" मी काय बोलले असेन? "आता उठलीस? झालं पारणं. दहा तास होत आले." ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "कॅलेंडरमध्ये तर आत्ताची वेळ आहे. मला वाटलं, सकाळी पारणं होईल आणि संध्याकाळी सगळे जमतील तेव्हा आपला कॉल." मी म्हटलं, "बरं बरं," आणि फोन सासूबाईंकडे दिला. मनात मात्र म्हणत होते, काहीतरी कारण सांगते आहे.

रात्री आवराआवर झाल्यावर फोन हातात घेतला, तर पडद्यावर पारण्याची आठवण पडलेली होती. ती वाजली होती दुपारी साडेचारला. नोंद साडेसातची आणि आठवण साडेचारला कशी? नोंद उघडली. वेळेच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: न्यूयॉर्क.

तेव्हा सगळं आठवलं. उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले होते. माझं इथलं सिम तिथे चालेना, फोनची वेळ आपोआप बदलेना, म्हणून लेकीनेच माझ्या कॅलेंडरला हाताने न्यूयॉर्कची वेळ लावून दिली होती. परत आल्यावर फोनचं घड्याळ आपोआप भारताचं झालं, कॅलेंडर मात्र न्यूयॉर्कलाच राहिलं. माझ्या नोंदी बहुतेक दिवसभराच्या असतात, सिलिंडर, विम्याचा हप्ता, त्यामुळे दोन महिने लक्षात आलं नाही. भिशीची आठवण रात्री एकला वाजून गेलेली सकाळी दिसायची, तेव्हा मी म्हणायचे, फोन म्हातारा झाला.

म्हणजे मी लिहिलेली साडेसात ही न्यूयॉर्कची साडेसात होती. लेकीला तिच्या सकाळची साडेसात दिसली, आणि ती म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. ती मिनिटाचाही उशीर न करता आली होती. सकाळी माझे दोन फोन आले तेव्हा तिच्याकडे रात्रीचे दहा वाजले होते. दिवसभर ऑफिस आणि त्यात संवत्सरीचा उपवास, म्हणून ती लवकर झोपली होती. आदल्या संध्याकाळी मी साऱ्या जगाची क्षमा मागितली होती आणि चोवीस तासांच्या आत पोटच्या पोरीला खोटं ठरवलं होतं. लगेच तिला फोन केला. क्षमा मागितली. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षीच्या अठ्ठाईचा पहिला चमचा काही परत येत नाही.

या प्रसंगातून माझं एक ठाम मत झालं आहे. गावाचं नाव सोडून लिहिलेली वेळ ही अर्धीच वेळ असते. "साडेसात" एवढं लिहून चालत नाही. कुठली साडेसात, हे लिहायला हवं.

आणि हे आपल्याला नवीन नाही. आपल्या घरात नवकारसीचा कोष्टक लावलेला असतो ना, त्याच्या वर काय लिहिलेलं असतं? गावाचं नाव. पुण्याचा कोष्टक घेऊन नागपूरला कोणी नवकारसी पाळत नाही, कारण नागपूरला सूर्य पुण्या-मुंबईच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी उगवतो. सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटं सगळीकडे तीच, पण सूर्योदय ज्या त्या गावाचा. घड्याळाचं कौतुक नव्हतं तेव्हाही आपल्या आज्यांना हे पक्कं कळत होतं.

आमच्या आजेसासूबाईंची लग्नपत्रिका सासूबाईंनी जपून ठेवली आहे. मुंबईचं लग्न. मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात छापलं आहे, स्टँ. टा. म्हणजे स्टँडर्ड टाइम. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत बरीच वर्षं, थेट १९५५ पर्यंत, मुंबईची स्वतःची वेळही चालत होती. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. नुसतं "दहा वाजता" लिहिलं असतं, तर निम्मं वऱ्हाड अक्षता पडल्यावर पोचलं असतं. म्हणून त्या चार अक्षरांची सोय. आज आपली मुलं एकोणचाळीस मिनिटं नाही, साडेनऊ-साडेदहा तास लांब आहेत, आणि आपण ती चार अक्षरं लिहायची सोडून दिली.

कोणी म्हणेल, फोन एवढा हुशार, त्याला कळत नाही का? कळतं. पण तो आपल्या मनातलं ओळखत नाही. कॅलेंडर प्रत्येक नोंदीबरोबर वेळ आणि ती कुठली, असं दोन्ही ठेवतं, आणि मग ज्या त्या फोनवर तिथल्या वेळेत दाखवतं. सोनं तेवढंच, कोणी तोळ्यात सांगतं, कोणी ग्रॅममध्ये, तसं. पण मुळात वजनच चुकीचं लिहिलं, तर तोळे आणि ग्रॅम दोन्ही चुकणार.

आता दुरुस्ती कशी करायची ते सांगते. मी एका दुपारी बसून केली, कोणाची मदत न घेता.

पहिलं, फोनची स्वतःची वेळ. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ या ठिकाणी वेळ आणि टाइम झोन, दोन्ही "आपोआप" वर हवेत. परगावी गेल्यावर काही जणी घड्याळाचे काटे फिरवावेत तशी फोनची वेळ हाताने पुढेमागे करतात. ते करू नका. टाइम झोन भारताचा आणि वेळ अमेरिकेची असं झालं, की फोनला वाटतं भारतातच तेवढे वाजले आहेत, आणि सगळ्या नोंदी बिघडतात. बदलायचाच झाला तर टाइम झोन बदला, वेळ त्याच्यामागे आपोआप येते.

दुसरं, कॅलेंडरची वेळ. ही फोनच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते, आणि माझा घोटाळा इथेच होता. गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये सर्वसाधारण या भागात "डिव्हाइसचा टाइम झोन वापरा" असा पर्याय असतो, तो चालू ठेवा. आयफोन असेल तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये "टाइम झोन ओव्हरराइड" बघा. तो चालू असेल तर कॅलेंडर एकाच गावाला चिकटून बसतं. मुद्दाम ठेवला नसेल तर बंद करा. घरात कॉम्प्युटर किंवा जुना टॅब असेल तर तोही तपासा. कॉम्प्युटरवरच्या कॅलेंडरला मुख्य टाइम झोन वेगळा निवडलेला असतो. तिथेच दुसरा टाइम झोनही दाखवायची सोय आहे. मी न्यूयॉर्क लावून ठेवलं आहे, म्हणजे दोन्हीकडच्या वेळा शेजारी शेजारी दिसतात.

यादीत पुणे किंवा मुंबई सापडली नाही तर घाबरू नका. बऱ्याच ठिकाणी भारतासाठी "कोलकाता" लिहिलेलं असतं. सगळ्या भारताची वेळ एकच, म्हणून ते चालतं. आणि मुलांच्या गावासाठी नुसते तासांचे आकडे निवडू नका, शहर निवडा. कारण अमेरिका आणि इंग्लंड वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. शहर निवडलं की कॅलेंडर तो बदल स्वतः सांभाळतं, नुसते आकडे निवडले तर सांभाळत नाही.

तिसरं, आणि इथे बऱ्याच जणी फसतात. सेटिंग बरोबर केलं की चुकीने लिहिलेल्या जुन्या नोंदी एकदम विचित्र वेळेला दिसायला लागतात. माझी दुपारी चारची भिशी रात्री दीडला गेली. वाटतं, आपण होतं ते बिघडवलं, आणि हात पुन्हा जुन्या सेटिंगकडे जातो. थांबा. त्या नोंदी आधीपासूनच चुकलेल्या होत्या, आता फक्त उघड झाल्या. एकेक उघडा, वेळ नीट लिहा, आणि दर आठवड्याची नोंद असेल तर पुढच्या सगळ्यांना तो बदल लावा. मला सतरा नोंदी सापडल्या. डाळ निवडण्यापेक्षा कमी वेळ लागला.

चौथं, परीक्षा घ्या. उद्याच्या तारखेला एक खोटी नोंद करा आणि लेकीला किंवा सुनेला विचारा, तुझ्याकडे किती वाजता दिसते? उत्तर बरोबर आलं की पुसून टाका. हे आम्ही पारण्याच्या आधी केलं असतं तर!

आता सवयीबद्दल. माझ्या मते घरातल्या वेळा तीन प्रकारच्या असतात, आणि प्रत्येकीची जागा वेगळी.

एक, सगळ्यांनी एकाच क्षणी हजर राहायचं ती वेळ. कॉल, ऑनलाइन स्वाध्याय, डॉक्टरांची व्हिडिओवरची भेट, विमान. ही गावासकट लिहायची. नोंद करताना वेळेच्या जवळच टाइम झोन निवडायची जागा असते. पुण्यात बसून लेकीच्या परतीच्या विमानाची न्यूअर्कहून सुटण्याची वेळ लिहीत असाल, तर तिथे न्यूयॉर्क निवडा. तिकिटावरची वेळ ही त्या त्या विमानतळाची असते.

दोन, मी जिथे असेन तिथली वेळ. सकाळची रक्तदाबाची गोळी, सकाळचं सामायिक. ही कॅलेंडरमध्ये लिहूच नये असं माझं मत आहे. सासूबाईंची आठची गोळी मी भारताच्या वेळेने कॅलेंडरमध्ये घातली आणि त्या न्यू जर्सीला गेल्या, तर उन्हाळ्यात आठवण रात्री साडेदहाला वाजणार. त्यासाठी फोनचा साधा गजर बरा, तो जिथे असाल तिथल्या घड्याळाने वाजतो. चोविहाराची वेळ तर रोज सरकते आणि गावागणिक बदलते. तिला त्या गावाचा सूर्यास्त बघणं हाच उपाय.

तीन, नुसती तारीख. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, फीची शेवटची तारीख. इथे "दिवसभर" वर खूण करायची. काही जणी रात्री बारापासून रात्री बारापर्यंत अशी नोंद करतात. आपली मध्यरात्र म्हणजे अमेरिकेत आदल्या दिवसाची दुपार. मग नातवाचा वाढदिवस तिकडे दोन दिवसांत वाटला जातो.

स्वाध्यायाचं उदाहरण मुद्दाम सांगते. आमचा शनिवारी रात्री आठचा ऑनलाइन स्वाध्याय आहे. पुणे, दुबई, लंडन, न्यू जर्सी अशा सगळीकडच्या बहिणी असतात. गेल्या वर्षी त्याची नोंद न्यू जर्सीच्या बहिणीने तिच्या सकाळी साडेदहाने केली होती. उन्हाळाभर ठीक चाललं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे गेलं आणि पुढच्या शनिवारी आमच्या कॅलेंडरमध्ये स्वाध्याय नऊला गेला. निम्म्या जणी सवयीने आठला येऊन बसल्या, बाकीच्या नऊला. लंडनचं घड्याळ त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदललं होतं, त्यामुळे त्यांचा गोंधळ आणखी निराळा. गटावर बोलाचाली झाल्या. एक बहीण तर महिनाभर आली नाही.

चूक कोणाचीच नव्हती. स्वाध्याय कोणत्या गावाचा, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. शेवटी ठरवलं. सांगणाऱ्या बहिणी पुण्याच्या, बहुसंख्य बायका भारतातल्या, आणि भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून नोंद भारताच्या वेळेने करायची. न्यू जर्सीच्या बहिणींना ती उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ अशी दिसते, लंडनला साडेतीन आणि अडीच, दुबईला कायम साडेसहा. ज्यांना वेळ बदलून घ्यावी लागते त्यांची आम्ही वर्षातून दोनदा आठवणीने चौकशी करतो. तेवढं आपलं कर्तव्य.

काही जणी म्हणतात, एवढं कशाला, मनात साडेनऊ तास वजा करायचे आणि तसं लिहायचं. मला हे अजिबात पटत नाही. आपण मनात वजाबाकी करतो, फोनही करतो, आणि दोनदा वजा झालेली वेळ कोणालाच लागू पडत नाही. शिवाय नोव्हेंबरात साडेनऊचे साडेदहा होतात तेव्हा ती वजाबाकी आठवणार कोणाला? जिथली वेळ तिथली म्हणून लिहा, बाकीचा हिशोब यंत्राला करू द्या.

आणि एक म्हणणं असं, की सरळ फोन करून सांगावं. हे मात्र मला अर्धं पटतं. पारण्यासारखा दिवस असेल तर कॅलेंडरवर विसंबू नये, एक निरोपही टाकावा: "पुणे सोमवार सकाळी ७.३०, न्यू जर्सी रविवार रात्री १०." दोन गावं, दोन वार, दोन वेळा. इंग्रजीतली आयएसटी ही तीन अक्षरं लिहू नका, ती आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही वापरतात. सरळ गावाचं नाव लिहा.

शेवटचं एक, जरा कडक बोलते. "मला नाही बाई त्यातलं कळत, मुलगा आला की बघेल," हे वाक्य आपण सोडून द्यायला हवं. पंचांग आपण बघतो, तिथी आपण सांभाळतो, कोणाच्या पारण्याला कोण येणार हे आपल्याला तोंडपाठ असतं. घराच्या वेळा पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी राखल्या आहेत. त्या आता फोनमध्ये राहायला गेल्या, एवढंच. माझ्या फोनचं ते एक सेटिंग दुसऱ्याने लावून दिलं आणि मी कधी उघडून पाहिलं नाही, त्याचं मोल सासूबाईंनी दिलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून विचारलं, "ओळीचं आयंबिल करीन म्हणते. त्याच्या पारण्याला तिला सांगशील?" मी फोन घेऊन त्यांच्या शेजारी बसले. नोंद केली, वेळेखाली भारत निवडलं, दोन्ही गावांच्या वेळा लिहून लेकीला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं: "माझ्याकडे आदल्या रात्रीचं दिसतंय. बरोबर ना?"

बरोबर, म्हटलं. सासूबाईंनी चष्मा लावून ती नोंद स्वतः वाचली.

तुमच्याही फोनचं ते सेटिंग आज एकदा उघडून बघा.

जय जिनेंद्र.